कागदावरचे जहाज

सन 1812 च्या डिसेंबर महिन्याची 29 वी तारीख होती. ब्राझीलच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर, अटलांटिक महासागरात, दोन युद्धनौका एकमेकींवर तोफांचा भडिमार करीत होत्या. एक होती अमेरिकेची ‘कॉन्स्टिट्यूशन’ आणि दुसरी ब्रिटनची ‘जावा’. काही तासांच्या त्या झुंजीत जावाच्या डोलकाठ्या एकामागून एक कोसळल्या, तिचा कप्तान हेन्री लँबर्ट प्राणांतिक जखमी झाला आणि अखेर जावाने शरणागती पत्करली. तिची अवस्था इतकी जर्जर झाली होती, की तिला एखाद्या बंदरापर्यंत ओढून नेणेही शक्य नव्हते. म्हणून अमेरिकन नाविकांनी तिच्यावरील माणसे उतरवून घेतली आणि मग तिला आग लावून दिली.

जावा इंग्लंडहून हिंदुस्थानाकडे निघाली होती. मुंबईच्या गोदीत बांधल्या जात असलेल्या जहाजांसाठी तांब्याचे पत्रे व इतर सामान तिच्यावर होते. त्या सामानात कागदाची काही भेंडोळीही होती. मुंबईत बांधावयाच्या एका नव्या युद्धनौकेचे ते आराखडे होते. जे जहाज अजून जन्मालाही आले नव्हते, ते कागदाच्या रूपाने आपल्या जन्मस्थानाकडे येत असतानाच वाटेत नाहीसे झाले.

त्या काळी मुंबईच्या गोदीची कीर्ती दूरवर पसरली होती. नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धात इंग्लंडला जहाजांची निकड होती. परंतु जहाजे बांधण्यास लागणारे ओक वृक्षाचे लाकूड त्या देशात दुर्मीळ होत चालले होते. मुंबईत मात्र मलबारचा उत्तम साग मिळत असे, आणि त्या सागाला आकार देणारे कुशल हातही तेथे होते. सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने 1735 च्या सुमारापासून या गोदीत जहाजबांधणीची परंपरा चालविली होती. याच घराण्यातील जमशेटजी बमनजी वाडिया यांनी 1810 मध्ये ‘मिंडेन’ ही 74 तोफांची युद्धनौका सिद्ध केली. ब्रिटिश आरमारासाठी हिंदुस्थानात बांधलेली या वर्गाची ती पहिली नौका होय. म्हणूनच 1812 च्या ऑक्टोबर महिन्यात आणखी एका नौकेची मागणी मुंबईकडे आली. लंकेतील प्रसिद्ध बंदरावरून तिचे नाव ‘त्रिंकोमाली’ असे ठेवण्यात यावयाचे होते.

येथे कोणाच्याही मनात एक प्रश्न येईल. जमशेटजींसारख्या निष्णात कारागिराला दूरदेशीच्या आराखड्याची गरज ती काय? आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरील सुतार पिढ्यान्‌पिढ्या होड्या व गलबते बांधीत आले आहेत. त्यांच्यापाशी बहुधा कागदावरचा नकाशा नसतो. प्रमाणे त्यांच्या स्मरणात असतात, वळणे डोळ्यांत असतात आणि बापाच्या हातची विद्या मुलाच्या हाती येते. ही विद्या थोर खरीच. पण तिला एक मर्यादा आहे. ती माणसाबरोबर चालते आणि माणसाबरोबरच संपते. शिवाय हजारो मैलांवरील दोन गोद्यांमध्ये एकाच घडणीची दोन जहाजे बांधावयाची असतील, तर एका कारागिराचे स्मरण दुसऱ्याला कसे पाठविणार? आराखडा हे स्मरण कागदावर उतरवितो. म्हणून तो समुद्र ओलांडून जाऊ शकतो आणि काळही ओलांडू शकतो.

त्रिंकोमालीच्या आराखड्याचाच इतिहास पाहावा. ब्रिटिशांनी 1782 मध्ये ‘एबे’ नावाची एक फ्रेंच युद्धनौका जिंकून घेतली. तिची घडण इतकी सुरेख होती, की तिचे माप काढून तिच्या रेषा कागदावर उतरविण्यात आल्या. त्या रेषांवरून पुढे ‘लेडा’ ही ब्रिटिश नौका तयार झाली व लेडाच्या नमुन्यावरून अनेक नौका निघाल्या. त्रिंकोमाली त्यांपैकीच एक. फ्रान्समध्ये कल्पिलेला आकार इंग्लंडमध्ये रेखाटला गेला आणि मुंबईच्या सुतारांनी तो मलबारच्या सागात साकार केला. हे सारे घडवून आणणारा दुवा म्हणजे एक कागद!

अशा आराखड्यावर जहाज तीन बाजूंनी दाखविलेले असे. पहिल्या आकृतीत जहाज एका बाजूने दिसे. तिच्यात नाळेपासून सुकाणूपर्यंतची लांबी, तोफांच्या खिडक्या आणि तळाचा कणा स्पष्ट कळे. या कण्यालाच आपल्याकडील दर्यावर्दी ‘पठाण’ म्हणतात. दुसऱ्या आकृतीत जहाज वरून पाहिल्यासारखे असे. त्याच्या दोन्ही बाजू सारख्याच असल्यामुळे केवळ अर्धी बाजू काढणे पुरे होई. तिसऱ्या आकृतीत जहाजाचे जणू आडवे काप करून त्याच्या फासळ्यांची वळणे एकाआड एक दाखविलेली असत. या तिन्ही आकृती एकमेकींशी तंतोतंत जुळाव्या लागत. त्या जुळल्या, की पोटातील कोणत्याही बिंदूची जागा निश्चित सांगता येई.

या आराखड्यांचे प्रमाण सामान्यतः एका फुटाला पाव इंच असे होते. म्हणजे कागदावरील जहाज खऱ्या जहाजाच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाएवढे असे. त्रिंकोमालीची लांबी सुमारे 150 फूट. ती कागदावर साडेसदतीस इंच भरली. पुढे गोदीतील विस्तीर्ण जमिनीवर या रेषा खऱ्या मापाने मोठ्या करून काढीत, त्यांवरून पातळ फळ्यांचे फर्मे करीत व ते फर्मे लाकडावर ठेवून फासळ्या कापीत. अर्थात कागदावर एका मिलिमीटरची चूक झाली, तर जहाजात ती 48 मिलिमीटरांची, म्हणजे जवळजवळ दोन इंचांची होई. कागदावरील केसाएवढ्या रेषेला केवढी जबाबदारी वाहावी लागे, हे यावरून ध्यानात येते.

तो कागद जावाबरोबर नष्ट झाला, पण त्रिंकोमाली नष्ट झाली नाही. कारण मुंबईकडे पाठविलेला आराखडा ही एक नक्कल होती. मूळ आराखड्यावरून दुसरी नक्कल काढून पुन्हा मुंबईला पाठविण्यात आली. 1816 मध्ये गोदीत त्रिंकोमालीचा कणा बसविण्यात आला आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी ती पाण्यात उतरली. तिच्या बांधणीस सुमारे 23,000 पौंड खर्च आला.

या नौकेचे पुढील आयुष्यही विलक्षण ठरले. आरमारातील सेवा संपल्यावर 1897 मध्ये ती मोडीत काढण्यासाठी विकली गेली. परंतु जॉर्ज व्हीटली कॉब या गृहस्थाने ती विकत घेऊन वाचविली. त्यानंतर कित्येक दशके तिच्यावर मुलांना नौकानयनाचे शिक्षण मिळत होते. 1987 मध्ये तिला इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आणून तिचा जीर्णोद्धार आरंभिण्यात आला व 2001 मध्ये तो पुरा झाला. आज ती तेथेच पाण्यावर उभी आहे. पाण्यावर तरंगत असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांमध्ये ती सर्वांत जुनी मानली जाते. मुंबईच्या सुतारांनी घडविलेल्या सागाने दोन शतकांहून अधिक काळ समुद्राशी झुंज दिली आहे.

जावाला बुडविणारी कॉन्स्टिट्यूशनही अद्याप शाबूत आहे. 1797 मध्ये जलावतरण झालेली ही नौका अमेरिकेतील बोस्टन बंदरात आहे. तिच्या बाबतीतही जुन्या आराखड्यांचे मोल एकदा फार ठळकपणे दिसून आले. लाकडी जहाजाच्या मधल्या भागाला पाणी अधिक जोराने वर उचलते. दोन्ही टोके मात्र वजनाने खाली झुकतात. त्यामुळे वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या जहाजाचा कणा हळूहळू धनुष्यासारखा वाकतो. कॉन्स्टिट्यूशनचा कणा 1990 च्या सुमारास 13 इंचांहून अधिक वाकला होता. तिची मूळ योजना करणाऱ्या जोशुआ हम्फ्रीज यांनी नेमका हाच दोष टाळण्यासाठी तिच्या पोटात तिरप्या तुळया योजिल्या होत्या. मधल्या काळातील दुरुस्त्यांत त्या काढल्या गेल्या व त्यांचे प्रयोजनही लोक विसरून गेले. 1992 ते 1995 या काळातील दुरुस्तीत मूळ योजनेचा अभ्यास करून या तुळया पुन्हा बसविण्यात आल्या. जहाजाला बळकटी आली आणि 1997 मध्ये ही वृद्ध नौका 116 वर्षांनंतर प्रथमच स्वतःच्या शिडांवर समुद्रात गेली. दोनशे वर्षांपूर्वीच्या अभियंत्याचा सल्ला कागदामुळेच नव्या अभियंत्यांपर्यंत पोहोचला.

म्हणून जगातील अनेक संग्रहालये जहाजांचे जुने आराखडे जपून ठेवतात. लंडनमधील ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात असे आराखडे दहा लक्षांच्या घरात आहेत. परंतु कागद जपणे म्हणजे तो केवळ कपाटात ठेवणे नव्हे. कागदाचे वैरी पुष्कळ असतात. दमट हवेत त्याला बुरशी लागते, कोरड्या हवेत तो ठिसूळ होतो, प्रकाशाने शाई फिकट पडते आणि कसर व वाळवी तर त्याच्या पाठीस लागलेल्याच असतात. पुन्हा सर्व आराखडे एकाच पदार्थावर काढलेले नसतात. लोखंडाची आणि वाफेची जहाजे आल्यावर एका जहाजासाठी शेकडो, पुढे हजारो आराखडे लागू लागले. ते उतरविण्यासाठी पिष्टाचा लेप दिलेले पारदर्शक कापड वापरीत. त्यावर पाणी पडले, की लेप विरघळून रेषा पुसट होतात. जॉन हर्शल यांनी 1842 मध्ये शोधलेल्या रीतीने निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांच्या नकला निघू लागल्या. ‘ब्लूप्रिंट’ हा शब्द त्यावरूनच रूढ झाला. या नकला प्रकाशात विटतात. इतकेच नव्हे, तर इतर कागदांना पोषक ठरणारी क्षारयुक्त वेष्टनेही त्यांचा निळा रंग नाहीसा करतात. प्रत्येक आराखड्याची प्रकृती ओळखूनच त्याची शुश्रूषा करावी लागते.

कागद कितीही जपला तरी तो हाताळला की झिजतो, आणि हाताळला नाही तर त्याचा उपयोग नाही. या पेचातून मार्ग काढण्यासाठी आता आराखड्यांच्या संगणकीय प्रती तयार करण्यात येतात. हे काम यंत्राचे वाटले, तरी त्याचा मोठा भाग मनुष्याच्या हातांचा व धीराचा आहे.

प्रथम प्रत्येक कागदाची नोंद होते. जहाजाचे नाव, आराखड्याचा क्रमांक, तारीख, प्रमाण आणि प्रकार हे सर्व त्या नोंदीत येते. यांपैकी प्रकार फार महत्त्वाचा. काही आराखडे जहाज बांधण्यापूर्वीचे असतात, तर काही ते बांधून झाल्यावर, ‘जसे बांधले तसे’ दाखविणारे असतात. दोहोंत पुष्कळदा फरक पडतो. नोंद चुकली, तर लक्षावधी प्रतींच्या ढिगाऱ्यातून हवा तो आराखडा कोणालाच सापडणार नाही. आणि जे सापडत नाही, ते हरवल्यासारखेच असते.

नंतर कागदाची तयारी करावी लागते. अनेक दशके गुंडाळून ठेवलेला कागद एकदम उलगडला तर तो घडीवर तडकतो. म्हणून त्याला काही काळ किंचित दमट हवेत ठेवतात, तो मऊ झाला की हळूहळू उलगडतात आणि हलके वजन ठेवून सपाट करतात. मऊ कुंचल्याने त्यावरील धूळ काढतात. मग रुंद स्कॅनरच्या अथवा वर टांगलेल्या कॅमेऱ्याच्या साहाय्याने त्याची प्रतिमा घेतात. 48 इंच लांब व 24 इंच रुंद अशा एका कागदाचे, इंचाला 400 बिंदू या प्रमाणाने, 18 कोटींहून अधिक बिंदू होतात. प्रत्येक बिंदूचा रंग संगणक संख्यांच्या रूपाने नोंदवून ठेवतो. रंगाची ही नोंद हौसेखातर नसते. जहाजात पुढे फेरफार झाले, की ते त्याच आराखड्यावर वेगळ्या रंगाच्या शाईने दाखविण्याची प्रथा होती. काळी-पांढरी प्रत घेतली, तर मूळ रेषा कोणती आणि नंतरची कोणती, हेच कळेनासे होईल.

आणखी एक दक्षता घ्यावी लागते. जुना कागद हवेतील दमटपणाप्रमाणे फुगतो व आकसतो, आणि तोही लांबीत व रुंदीत सारखा नव्हे. म्हणून प्रतिमा घेताना कागदाशेजारी मोजपट्टी व रंगांचा नमुना ठेवतात. जुन्या आराखडाकारांनी कागदावरच रेखून ठेवलेली प्रमाणरेषाही उपयोगी पडते. कागदाबरोबर तीही आकसलेली असल्यामुळे त्या दिशेने कागद किती आकसला, याचा हिशेब तिच्यावरून करता येतो. शतकापूर्वीच्या रेखाटनकाराने केलेली ही तजवीज आजच्या संगणकालाही मार्गदर्शक ठरते.

इतके झाले म्हणजे आराखडा अमर झाला काय? तसे समजणे भ्रम ठरेल. कागद फाटला तर तो डोळ्यांना दिसतो. संगणकातील प्रत मात्र बिघडली तरी बाहेरून काहीच कळत नाही. साठवणीच्या चकत्या निकामी होतात, यंत्रे जुनी होऊन मोडीत निघतात, आणि आज उघडणारी प्रत पन्नास वर्षांनी कोणत्याच यंत्रावर उघडणार नाही असेही घडू शकते. म्हणून जाणते लोक प्रत्येक प्रतीच्या किमान तीन नकला ठेवतात, त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर ठेवतात आणि त्यांतील एक तरी दूरच्या दुसऱ्या ठिकाणी ठेवतात. प्रत्येक प्रतीवरून गणिताने एक पडताळणीची संख्या काढून ठेवलेली असते. प्रतीतील एका बिंदूत जरी बदल झाला, तरी पुन्हा गणित करता ती संख्या जुळत नाही व बिघाड उघडकीस येतो. काही वर्षांच्या अंतराने सर्व प्रती नव्या साधनांवर उतरवून घ्याव्या लागतात. आणि मूळ कागद? तो टाकून द्यावयाचा नसतो. प्रतीविषयी शंका आली, तर अखेरचा साक्षीदार तोच असतो.

विचार करता असे दिसते, की जतनाचे हे शास्त्र नवे असले तरी त्यातील तत्त्व दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या सागरी झुंजीनेच शिकविले आहे. जावावरील आराखडा पेटीत सुरक्षित बांधलेला असेल, त्याची राखणही दक्षतेने होत असेल. परंतु ज्या जहाजावर तो होता ते जहाजच जळाले. त्रिंकोमाली वाचली ती त्या पेटीच्या मजबुतीमुळे नव्हे, तर दूर लंडनमध्ये पुन्हा एकदा लेखणी व मोजपट्टी घेऊन बसलेल्या, इतिहासाला अज्ञात असलेल्या कोणा रेखाटनकारामुळे. एकच प्रत असलेले ज्ञान कितीही जपले तरी ते धोक्यातच असते. जे जपावयाचे, ते काळजीपूर्वक उतरवून घ्यावे, अनेकांच्या हाती द्यावे आणि प्रत्येक पिढीने ते पुन्हा नव्याने उतरवावे. हार्टलपूलच्या धक्क्यावर उभी असलेली मुंबईची ती सागवानी नौका या गोष्टीची साक्ष देत आहे.

स्वाध्याय

1. जावा हे जहाज नष्ट झाल्यामुळे मुंबईच्या गोदीचे कोणते नुकसान झाले? ते कसे भरून निघाले?
2. कोकणातील सुताराची विद्या आणि आराखडा यांत लेखात कोणता फरक सांगितला आहे?
3. कारणे द्या : (अ) जुन्या आराखड्यांची रंगीत प्रत घेतात. (आ) प्रतिमा घेताना कागदाशेजारी मोजपट्टी ठेवतात. (इ) संगणकीय प्रत तयार झाल्यावरही मूळ कागद टाकून देत नाहीत.
4. ‘जे सापडत नाही, ते हरवल्यासारखेच असते,’ या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत स्पष्ट करा.
5. एका फुटाला पाव इंच हे प्रमाण घेऊन आपल्या वर्गाचा आराखडा काढा. वर्गमित्राकडून त्याची नक्कल करून घ्या व दोन्हींतील मापे ताडून पाहा.